रंगांची रोजकीर्द

छंद आणि नेम यांचें सहसा जमत नाहीं. छंद हा मनास येईल तेव्हां येणारा पाहुणा, आणि नेम हा रोज ठरल्या वेळीं दारीं उभा रहाणारा दूधवाला. पाहुण्याचें कौतुक होतें. दूधवाल्याचा हिशेब ठेवावा लागतो. ज्यांना गाण्याची, बागेची किंवा चित्रकलेची हौस आहे अशा कोणाही गृहस्थाला विचारून पहा. आपल्या हौसेची थोरवी सांगतांना तो प्रथम हेंच सांगेल कीं, येथें कोणाची सक्ती नाहीं, वाटलें तर बसावें, न वाटलें तर उठावें. भिवंडीच्या सूत-व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर पस्तीस वर्षें हिशेब लिहिण्यांत घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाला तर ही मोकळीक म्हणजेच हौसेचा आत्मा वाटत असे. दिवसभर जमा-नांवें केल्यावर संध्याकाळीं रंगांचाही हिशेब ठेवावयाचा, तर मग ती हौस कसली? या समजुतीनें आमची जलरंगांची पेटी कपाटांत सुखानें नांदत होती, आणि सणासुदीला बाहेर पडणाऱ्या पैठणीप्रमाणें वर्षांतून चार-सहा वेळां तिला हवा लागत असे.

गेल्या जुलै महिन्यांत मात्र आम्हीं रोज एक चित्र काढण्याचा नेम धरला, आणि तो एकतीस दिवस चालविला. त्या नेमानें काय दिलें आणि काय घेतलें, याचा ताळेबंद वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

नेमाचें माहात्म्य आपल्याकडे नवें नाहीं. आषाढी एकादशी आली कीं चातुर्मास लागतो, आणि घरोघरीं कोणी कांदा-वांगें सोडतो, कोणी पोथीचा रोज एक अध्याय वाचतो, कोणी लाख वाती वळण्याचा संकल्प सोडतो. पाश्चात्त्यांनीं अशीं व्रतें अलीकडे कलेच्या प्रांतांत काढलीं आहेत. अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांतील ड्युएन कायझर या चित्रकारानें २००४ च्या डिसेंबरांत रोज एक लहानसें चित्र पुरें करण्याचा परिपाठ सुरू केला, आणि त्याचें अनुकरण देशोदेशींच्या चित्रकारांनीं केलें. पुढें २०१६ सालीं अमेरिकेंतच जुलै हा जलरंगांचा महिना ठरविण्यांत आला, व एकतीस दिवसांत एकतीस चित्रें काढण्याचें आव्हान हौशी मंडळींपुढें ठेवण्यांत आलें. ज्यानें जुलै निवडला त्यानें भिवंडीचा जुलै पाहिलेला नव्हता, हें उघड आहे. त्याच्याकडे तो उन्हाळ्याचा, मोकळ्या हवेंत बसण्याचा महिना. आमच्याकडे त्या दिवसांत वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस ओला रहातो. ज्या कलेचा अर्धा जीव वाळण्यांत आहे तिच्यासाठीं मुद्दाम असा महिना नेमणें हा एक विनोदच होय. परंतु व्रत म्हटलें म्हणजे त्यांत थोडी अडचण असावीच लागते. उपवास कांहीं भूक नसणारांसाठीं सांगितलेला नाहीं.

जलरंग म्हणजे काय, हें ज्यांनीं शाळा सोडल्यावर कुंचला हातीं धरला नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. रंगाची अत्यंत बारीक पूड आणि बाभळीच्या जातीच्या एका आफ्रिकी झाडाचा डिंक यांचें मिश्रण म्हणजे जलरंग. डिंकानें पूड कागदाला धरून रहाते, आणि पाणी तिला पसरवितें. तैलरंगांत पांढरा रंग वरून थापतां येतो. येथें पांढरें म्हणजे कागदाचें अंग. जें उजळ ठेवावयाचें तेथें हात लावावयाचा नाहीं, आणि जेथें एकदां हात लागला तेथें पहिला उजेड पुन्हां येत नाहीं. म्हणून या कलेंत काय करावें यापेक्षां काय करूं नये, हें आधीं ठरवावें लागतें. शिवाय पाणी आपल्या मर्जीनें वहातें. चित्रकार रंग कागदावर सोडतो; त्यानंतरचें अर्धें काम पाणी, कागद आणि हवा हीं तिघें मिळून करतात. अशा बेभरंवशाच्या भागीदारांबरोबर रोज व्यवहार करावयाचा, आणि तोही आषाढांत!

महाराष्ट्रांत या कलेला मोठी परंपरा आहे. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ सालीं निघाली, आणि तिच्या छायेंत जलरंगांत पारंगत झालेल्या चित्रकारांची एक मालिकाच तयार झाली. रावबहादुर धुरंधर विद्यार्थी व पुढें अध्यापक या नात्यानें तेथें १८९० पासून १९३१ पर्यंत होते, आणि त्या आठवणी त्यांनीं ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या नांवानें १९४० सालीं प्रसिद्ध केल्या. सावंतवाडीच्या सां. ल. हळदणकरांचें, हातांत दिवा घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रीचें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील संग्रहालयांत आहे. अनेक लोक तें राजा रविवर्म्याचें समजतात. परंतु तें हळदणकरांचें, १९४५-४६ च्या सुमारास काढलेलें, आणि जलरंगांतील आहे. दिव्याच्या ज्योतीआड धरलेल्या हाताच्या बोटांतून जो तांबूस उजेड पाझरतो, तो काढतांना त्या हाताला केवढा संयम पाळावा लागला असेल, हें जलरंग हाताळणारालाच कळेल.

परंतु नेमाच्या दृष्टीनें पाहिलें तर आम्हांला सर्वांत जवळचे वाटतात ते कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईस शिक्षण घेऊन ते कोल्हापुरास परतले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले, आणि कोटितीर्थाच्या परिसरांत राहून तें तळें, तेथील झाडें, तेथील सकाळ आणि संध्याकाळ हीं त्यांनीं पुन्हां पुन्हां रंगविलीं. १९२२ सालीं महाराज वारल्यावर त्यांनीं आपलीं हजारों चित्रें त्याच तळ्यांत बुडविलीं, अशी आख्यायिका आहे. आबालाल १९३१ सालीं वारले. त्यांना कोणी आव्हान दिलेलें नव्हतें आणि दिवस मोजावयाला कोणी बसलें नव्हतें. एकच तळें रोज नवें दिसतें, हें त्यांना दिसलें, आणि तेवढ्यावर त्यांचें आयुष्य पुरलें. विलायतेंतील टर्नर १८५१ सालीं वारला तेव्हां त्याच्या संग्रहांतून कागदावरील सुमारें ३०,००० लहानमोठीं कामें राष्ट्राकडे आलीं. थोरांच्या घरीं नेम हा श्वासासारखा असतो. तो धरावा लागतो तो आमच्यासारख्यांना.

आमचे नियम हिशेबनिसाला शोभतील असेच होते. रोज सकाळीं सहा ते सात हा एक तास. रविवारीं हवें तर बाहेर, एरव्हीं घराच्या खिडकीशीं. कागद वहीच्या पानाएवढा. रंग तीनच: अल्ट्रामरीन निळा, पिंवळी माती, आणि इटलींतील सिएना गांवाच्या मातीवरून नांव पडलेला, भाजलेल्या गेरूसारखा बर्न्ट सिएना. आणि शेवटचा नियम असा कीं, बिघडलेलें चित्र फाडावयाचें नाहीं. रोजकीर्दीचें पान फाडणें हा आमच्या धंद्यांत गुन्हा आहे. व्यवहार तोट्याचा झाला तरी त्याची नोंद राहिली पाहिजे. तोटा कोठें झाला हें पुढें खतावणींत आणि तेरजेंत कळतें. रोजकीर्दींत फक्त त्या दिवशीं जें घडलें तें लिहावयाचें.

पहिल्या आठवड्यांत आम्ही, सर्व हौशी लोकांप्रमाणें, सौंदर्याच्या शोधांत निघालों. वऱ्हाळा तलावावर ढग उतरलेले काढले. रविवारीं वज्रेश्वरीस जाऊन, वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या नवसानें उभें राहिलेलें तें किल्ल्यासारखें देऊळ आणि त्याच्या पायऱ्या काढल्या. गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडांवरची वाफ काढली. कामवारीच्या कांठीं जाऊन गढूळ पाण्यांत तरणारें आकाश काढलें. सात दिवसांत सात चित्रें झालीं, आणि सातही कोठेंतरी पूर्वीं पाहिल्यासारखीं दिसूं लागलीं. देऊळ म्हटलें कीं हात आपोआप देवळासारखें कांहींतरी काढतो. डोळे वर करण्याची त्याला गरज वाटत नाहीं. रमणीय स्थळांचा हा एक तोटाच आहे. तीं इतक्यांनीं इतक्या वेळां पाहिलेलीं असतात कीं, आपण जातों तें पहावयाला, आणि येतों तें आठवून.

आठव्या दिवसापासून पावसानें बाहेर जाणें बंद केलें, आणि आम्ही खिडकीशीं बसलों. भिवंडींत खिडकींतून काय दिसावें, हें येथील वाचकांना सांगणें नको, बाहेरच्यांसाठीं सांगतों. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याणबरोबर ही भिवंडी घेतली तेव्हां ती खाडीकांठची व्यापारी पेठ होती. आज तिची ओळख यंत्रमागांची आणि गोदामांची. मुंबईच्या गिरण्यांचा संप १९८२ सालीं सुरू झाल्यावर गिरण्यांचें पुष्कळसें काम इकडे वळलें, आणि आमच्या आळीच्या मागचे गोठे व वखारी यांचेही कारखाने झाले. आमच्या खिडकीसमोर आठ हातांच्या बोळापलीकडे असाच एक कारखाना. सिमेंटच्या पत्र्यांचें छप्पर, रंग उडालेला लोखंडी दरवाजा, आणि आंत नळदिव्यांच्या उजेडांत समोरासमोर मांडलेले चार साधे माग. चोवीस वर्षें आम्ही या घरांत रहात आहों. त्या खिडकीला पडदा होता, आणि तो बहुधा ओढलेलाच असे.

नवव्या दिवशीं आम्हीं तो कारखाना काढला. बाहेर आभाळ गच्च, भिंती ओल्या, बोळांत पाणी; आणि दरवाज्याच्या चौकटींत तेवढा पांढरा उजेड. निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग एकत्र आणले म्हणजे असा एक राखाडी रंग मिळतो कीं, तो पावसाळ्यांतल्या भिवंडीसाठींच निर्माण झाला असावा असें वाटतें. तो राखाडी सगळीकडे फिरविला, चौकटींत कागद कोरा ठेवला, आणि त्या कोऱ्या उजेडांत मागांच्या काळ्या आकृती, त्यांच्यामागे सुतानें फुगलेलीं चार बीमें, आणि एका मागावर वांकलेली जॉबरची पाठ एवढें उठविलें. तें चित्र पूर्वीं कोठेंही पाहिल्यासारखें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच देखावा काढावा असें वाटलें, तिसऱ्या दिवशींही.

येथें भागीदारांनीं दगा दिला. दहाव्या दिवसापासून कागदावर ठिपके उठूं लागले. सपाट रंग फिरवावा, तर जागोजागीं तो टिपकागदावरच्या शाईसारखा आंत शिरे आणि तेथें काळपट डाग पडे. कागद चांगला, तीनशे ग्रॅम वजनाचा, कापसाचा होता. आमच्या शेजारीं पद्मशाली समाजाचे एक वृद्ध गृहस्थ रहातात. आयुष्यभर त्यांनीं सायझिंगच्या कारखान्यांत काम केलें. आम्ही त्यांना अण्णा म्हणतों. त्यांनीं कागद बोटांत धरला, कोपरा जिभेला लावला, आणि म्हणाले, “मुनीमजी, याची खळ गेली. दमट हवेंत खळ मरते.”

वाचकहो, पस्तीस वर्षें आम्हीं सायझिंगचीं बिलें खतावलीं, परंतु त्या शब्दाचा आणि आमच्या हौसेचा कांहीं संबंध असेल, हें आमच्या स्वप्नींही नव्हतें. मागावर जें सूत उभें लागतें तें ताण्याचें. धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळां या बाजूचा त्या बाजूला जातो, आणि प्रत्येक वेळीं ताण्याच्या धाग्यांना घांसणी बसते. उघडा धागा ती सोसूं शकत नाहीं. तो पिंजतो आणि तुटतो. म्हणून विणण्यापूर्वीं ताण्याला खळ पाजावी लागते, आणि कापड तयार झाल्यावर ती धुऊन काढावी लागते. बाण्याच्या आडव्या धाग्याला ती लागत नाहीं, कारण त्याला घांसणी सोसावयाची नसते. जलरंगाच्या कागदाचेंही असेंच आहे. त्याला सरसाची खळ दिलेली असते. तिच्यामुळें पाणी कागदावर कांहीं काळ तरंगतें, आणि तेवढ्यांत चित्रकाराला काय तें करतां येतें. दमट हवेनें खळ बिघडली कीं कागद पाणी पिऊन टाकतो. उत्तम कागद कापसाच्या चिंध्यांचा, ही गोष्ट तर जुनीच आहे. १९४० सालीं निघालेली पुण्याची हातकागद संस्थाही कापसाच्या चिंध्यांतूनच कागद करीत आली. म्हणजे ज्या गांवांत लाखों मागांवर कापड निघतें तेथें आम्ही कापडाच्याच लगद्यावर, खळीच्याच भरंवशावर चित्रें काढीत बसलों होतों, आणि हें सांगावयाला ज्यानें कधीं कुंचला हातीं धरला नाहीं असा मनुष्य लागला!

अण्णांच्या सल्ल्यानें कागद पत्र्याच्या डब्यांत, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवला. जो आधींच बिघडला होता त्यावर सरसाचें पातळ पाणी फिरवून तो विजेच्या पंख्याखालीं वाळविला. डाग पुरते गेले नाहींत, पण काम चालूं लागलें. दरम्यान बिघडलेल्या कागदाचा स्वभावही आम्हांला कळला होता. ओल्या भिंतीवरची बुरशी काढावयाची असेल तर मेलेल्या खळीचा कागद नामी! चौदाव्या दिवसाच्या चित्रांत कारखान्याची भिंत जी साधली आहे ती आमच्या हातानें नव्हे, दमट हवेनें.

आतां या नेमावर जो मुख्य आक्षेप घेतला जातो त्याचा विचार करूं. रसिक म्हणतात कीं, रोज ठराविक वेळीं काढलेलें चित्र हें चित्र नव्हे, तें काम होय. प्रतिभेला घड्याळ कळत नाहीं. या म्हणण्यांत तथ्य आहे. आमच्या एकतीस चित्रांपैकीं भिंतीवर लावण्याजोगीं चार निघतील, आणि तींही मित्राच्या घरच्या भिंतीवर. एका महिन्यांत हात सुधारतो असें जें सांगतात, तेंही आमच्या अनुभवांत फारसें उतरलें नाहीं. परंतु हा आक्षेप चित्राकडे पाहून घेतलेला आहे, काढणाराकडे पाहून नव्हे. चांगलें चित्र काढावें या इच्छेनें बसणारा मनुष्य विषय निवडतो. रोज काढावेंच लागतें म्हणून बसणाराला जें समोर असेल तें पहावें लागतें. पहिल्यानें हात तयार होत असेल. दुसऱ्यानें डोळा उघडतो. आम्हीं चोवीस वर्षें ज्या दरवाज्यावरून पडदा ओढला होता, त्याच्या आंत किती माग आहेत हें आम्हांला नवव्या दिवसापर्यंत सांगतां आलें नसतें.

आणि मग त्या कारखान्याचें जें झालें तें झालें. सोळाव्या दिवशीं डावीकडचा एक माग बंद दिसला. अठराव्या दिवशीं दोन. आमच्या मनांत आलें कीं, पावसाळ्यांत मागणी मंद असते, किंवा सूत महागलें असेल. तेवढेंच चित्रांत काळोख वाढला आणि उजेड अरुंद झाला, हें रंगांच्या दृष्टीनें बरेंही वाटलें. तेविसाव्या दिवशीं एकच नळदिवा लागला होता. चोविसाव्या दिवशीं बोळांत टेंपो आला, आणि भंगारवाल्याच्या माणसांनीं हातोड्यांनीं माग उकलावयाला सुरुवात केली. साधे माग आतां परवडत नाहींत. ज्यांना शक्य आहे ते बिनधोट्याचे वेगवान माग घेतात, ज्यांना शक्य नाहीं ते जागा गोदामाला देतात. हें आम्हांला हिशेबाच्या वह्यांतून ठाऊक होतें. परंतु बिडाच्या चौकटी वजनकाट्यावर चढतांना पहाणें, आणि ‘यंत्रसामुग्री विक्री’ या सदराखालीं एक ओळ लिहिणें, यांत अंतर आहे. त्या दिवशींचें चित्र आमच्या संग्रहांत सर्वांत ओबडधोबड आहे. टेंपोच्या मागच्या चाकाजवळ एक धोटा पडला होता, तेवढा मात्र नीट आला.

सव्विसाव्या दिवशीं बोळांत गुडघाभर पाणी होतें. ती २६ जुलै. २००५ सालचा तो भयंकर पाऊस याच तारखेचा, म्हणून सगळेजण ओट्यांवर उभे राहून त्याच आठवणी काढीत होते. समोरच्या कारखान्याचे वृद्ध जॉबर, ज्यांची पाठ आमच्या नवव्या दिवसाच्या चित्रांत आहे, पाणी उतरेपर्यंत आमच्याकडे येऊन बसले. आळींत त्यांना सर्व चाचा म्हणतात. गिरणी-संपाच्या सालीं ते मुंबईहून येथें आले, आणि त्यानंतरची सारी हयात त्यांनीं मागांचे सांधे जुळविण्यांत काढली. खोलींत दोरीवर चिमट्यांनीं लावलेलीं आमचीं चित्रें वाळत होतीं, क्रमानें, नऊपासून पंचवीसपर्यंत. चहा होईपर्यंत ते तीं पहात राहिले. देवळाकडे आणि तलावाकडे पहाण्यासारखे त्यांत कांहीं नव्हतेंच. दोरीवर सगळा त्यांचाच कारखाना होता.

बऱ्याच वेळानें ते उठले, आणि एका चित्रावर बोट न टेंकतां म्हणाले, “येथें चारही बीमें भरलेलीं आहेत.” मग पुढच्यावर, “येथें हें अर्धें झालें.” मग आणखी पुढें, “येथें संपत आलें. येथें संपलें, नवें चढलें नाहीं.” असे ते चित्रामागून चित्र वाचीत गेले. मागामागें जो काळा गोल आम्हीं केवळ आकार म्हणून भरला होता, तो रोज थोडा थोडा बारीक होत गेलेला होता. आम्हीं तो बारीक काढला, कारण तो तसा दिसला. कां बारीक झाला, हें आमच्या मनांतही आलें नव्हतें. मालकानें नवीं बीमें आणणें थांबविलें होतें. कोणीं कोणास कांहीं सांगितलें नव्हतें, परंतु जॉबराला बीम पाहून कळतें, आणि चाचांना तें बाराव्या दिवशींच कळलें होतें.

“मुनीमजी,” ते म्हणाले, “आम्हांला वाटत होतें, हें आमचें आम्हांलाच दिसतें आहे.”

या वाक्याला उत्तर नव्हतें, आणि आम्हीं दिलेंही नाहीं. चहा झाल्यावर त्यांनीं विचारलें कीं, यांतील एक चित्र मिळेल काय. रिकाम्या कारखान्याचें, किंवा उकललेल्या मागांचें ते मागतील, असें आम्हांला वाटलें होतें. कारण आमच्या दृष्टीनें तींच अधिक जमलेलीं होतीं. त्यांनीं नवव्या दिवसाचें मागितलें, चारही बीमें भरलेलीं असलेलें. तें आम्हीं वर्तमानपत्रांत गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी घालून दिलें. पाणी उतरल्यावर तें छातीशीं धरून ते घरीं गेले. रोजकीर्दीचें पान फाडावयाचें नाहीं, हा नियम आम्हींच घातलेला. म्हणून वहींत नऊ तारखेच्या जागीं एक कोरा कागद लावला, आणि त्यावर आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणें लिहिलें, ‘एक चित्र, चाचांचे नांवें.’

उरलेले पांच दिवस आम्हीं रिकामा कारखाना काढला. दरवाजा उघडा, जमिनीवर मागांच्या पायांचे तेलकट चौकोन, आणि छपरांतून ठिबकणारें पाणी. आवाज मात्र काढतां आला नाहीं, किंवा अधिक अचूक बोलावयाचें तर, आवाज गेल्याचें काढतां आलें नाहीं. चोवीस वर्षें ज्या खटखटीला आम्ही कंटाळलों होतों ती थांबल्यावर पहाटे चार वाजतां आपोआप जाग येऊं लागली. एकतीसाव्या दिवशीं गोदामासाठीं जागा मोजावयाला दोन माणसें फीत घेऊन आलीं होतीं. त्यांच्या छत्र्या चित्रांत आहेत.

छायाचित्रानें हें सर्व अधिक बिनचूक टिपलें नसतें काय, असा प्रश्न एका सुशिक्षित मित्रानें केला. टिपलें असतें. किंबहुना त्या महिन्यांत आमच्या आळींतील दहा-वीस खिशांत छायाचित्रें घेण्याचीं यंत्रें होतीं. परंतु एकानेंही त्या दरवाज्याचें छायाचित्र रोज घेतलें नाहीं, कारण त्यांत घेण्यासारखें कांहीं नव्हतें. घेण्यासारखें कांहीं नसलेल्या जागेसमोर मनुष्याला एक तास बसवून ठेवणें, हें काम छायाचित्राच्यानें होत नाहीं. तें नेमच करूं शकतो. जलरंगाचा उपकार एवढाच कीं, कागद वाळेपर्यंत उठतां येत नाहीं, आणि आषाढांत तो लवकर वाळत नाहीं. त्या सक्तीच्या वेळांत डोळे जातात कोठें? समोर.

थेंबे थेंबे तळें सांचे, ही म्हण आपण पैशाच्या बाबतींत वापरतों, आणि मुलांना काटकसर शिकवितों. परंतु त्या म्हणींत एक गोष्ट गृहीत आहे. थेंबाला तळें दिसत नसतें. रोजकीर्द लिहिणाराला वर्षाचा नफा-तोटा दिसत नाहीं, आणि तो दिसावा अशी अपेक्षाही त्यानें करूं नये. आजची नोंद आज, खरी आणि पुरी, एवढेंच त्याचें काम. तेरीज जुळविणारा कदाचित् दुसराच कोणी असतो. आमची तेरीज चाचांनीं जुळविली. आम्हीं आंकडे लिहिले होते.

ज्यांच्या कपाटांत एखादी पेटी, एखादें वाद्य किंवा अर्धवट राहिलेलें विणकाम पडून असेल त्यांना आमचें सांगणें इतकेंच आहे कीं, एक महिना नेम धरून पहा. प्रगति होईल असें आश्वासन आम्ही देत नाहीं. विषय शोधावयाला दूर जाऊं नका. पडदा कोणत्या खिडकीवर ओढलेला आहे तें पहा, आणि तेथेंच बसा. आणि जुलैंतच बसणार असाल, तर कागद मात्र डब्यांत ठेवा. दमट हवेंत खळ मरते.